सत्येंद्रनाथ बोस आणि थबकलेले अणू

१९२४ सालच्या जून महिन्यात ढाक्याहून बर्लिनला एक टपाल निघाले. पाठवणारे होते ढाका विद्यापीठातले तीस वर्षांचे प्रपाठक सत्येंद्रनाथ बोस. ज्यांच्या नावे ते होते, ते अल्बर्ट आइन्स्टाइन तोवर जगप्रसिद्ध झाले होते, नोबेल पारितोषिकही त्यांना मिळाले होते. दोघांची ओळख नव्हती. टपालात इंग्रजीत लिहिलेला एक छोटा निबंध होता, छापल्यावर चार पाने भरतील एवढा. इंग्लंडमधल्या एका नावाजलेल्या नियतकालिकाकडे बोस यांनी तो आधी पाठवला होता, पण तिथे तो छापून आला नव्हता. निबंध योग्य वाटला तर जर्मन भाषेत छापण्याची व्यवस्था करावी, अशी विनंती त्यांनी सोबतच्या पत्रात केली होती.

त्या चार पानांतल्या विचाराचा माग काढत गेले तर आपण आजच्या पदार्थविज्ञानाच्या एका विलक्षण दालनात पोहोचतो. तिथे लेसरच्या झोतात अणू जवळजवळ थांबवले जातात, चिमटीत धरावे तसे धरून ठेवले जातात आणि हवे तसे हलवले जातात. हे अणू अंतराळातल्या पोकळीपेक्षाही कितीतरी थंड असतात. मी डॉक्टर, माझा दिवस शासकीय रुग्णालयात जातो. पण बोस यांचे चरित्र मला डॉक्टरांनी आणि रुग्णांनीही वाचावे असे वाटते. एखादी गोष्ट खरोखर समजल्याशिवाय पुढे न जाण्याची सवय माणसाला कुठे नेते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

पुस्तकांतून शिकलेले दोन मित्र

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कोलकात्यात झाला. वडील सुरेंद्रनाथ रेल्वेत नोकरीला होते. सात भावंडांत सत्येंद्रनाथ थोरले, त्यांच्या पाठीवर सहा बहिणी. हिंदू स्कूलमधून ते प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. तिथे जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे शिक्षक होते. वर्गात मेघनाद साहा नावाचा ढाका जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, गरीब घरचा मुलगा होता. एम. एस्सी.च्या परीक्षेत १९१५ साली बोस पहिले आले आणि साहा दुसरे. ही मैत्री पुढे बोस यांच्या शोधालाही उपयोगी पडणार होती.

सर आशुतोष मुखर्जी तेव्हा कोलकाता विद्यापीठात विज्ञानाचे नवे महाविद्यालय उभे करत होते. त्यांनी या दोन तरुणांना शिकवण्याचे काम दिले. अडचण अशी की त्या काळातले नवे पदार्थविज्ञान या दोघांना कोणी शिकवलेलेच नव्हते. ते जर्मनीत घडत होते आणि जर्मनीशी ब्रिटनचे युद्ध चालू होते. पुस्तके येत नव्हती. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ब्रूल नावाच्या युरोपीय प्राध्यापकांकडे जर्मन पुस्तके होती, ती या मित्रांनी मिळवली. जर्मन भाषा शिकले आणि आधी स्वतः समजून घेऊन मग विद्यार्थ्यांना शिकवू लागले. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावरच्या मूळ जर्मन निबंधांचा इंग्रजी अनुवादही त्यांनी केला. कोलकाता विद्यापीठाने तो १९२० साली पुस्तकरूपाने काढला. त्याची प्रस्तावना पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांची होती.

न पटलेले गणित

१९२१ साली ढाका विद्यापीठ सुरू झाले आणि बोस तिथे प्रपाठक म्हणून गेले. विद्यापीठ कोरे होते, प्रयोगशाळा उभी राहायची होती. युरोपातल्या संशोधन केंद्रांपासून तर ते फारच लांब. पण वर्ग होता, विद्यार्थी होते आणि शिकवायला मॅक्स प्लांक यांचे सूत्र होते.

हे सूत्र आपल्या ओळखीचे आहे, फक्त नावाने नाही. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लालसर दिसते, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरे. कोणत्या तापमानाला कोणत्या रंगाचा प्रकाश किती बाहेर पडतो, हे प्लांक यांनी १९०० साली एका सूत्रात बांधले. कोविडच्या दिवसांत दुकानाच्या दारात कपाळासमोर जी थर्मामीटरची बंदूक धरली जात होती, तीही याच नियमावर चालते. आपले शरीर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सतत टाकत असते, त्यावरून ताप मोजला जातो.

सूत्र बरोबर होते, प्रयोगांशी तंतोतंत जुळत होते. पण ते सिद्ध करण्याची रीत बोस यांना पटत नव्हती. त्या सिद्धतेचा अर्धा भाग प्रकाशाला लाटा मानणाऱ्या जुन्या शास्त्रातून घेतलेला, तर अर्धा भाग प्रकाश तुटक पुंजांनी बनलेला आहे असे सांगणाऱ्या नव्या कल्पनेतून. दोन्ही एकमेकांशी विसंगत. परीक्षेपुरते शिकवायचे असते तर चालून गेले असते. पण स्वतःला न पटलेली गोष्ट विद्यार्थ्यांना सांगणे बोस यांना जड जात होते. १९२४च्या सुरुवातीला साहा ढाक्याला आले तेव्हा दोघांत यावर बोलणे झाले, साहा यांनी काही ताज्या जर्मन निबंधांकडे लक्ष वेधले. मग बोस यांनी ठरवले की जुन्या लाटा पूर्णपणे बाजूला ठेवायच्या. प्रकाश म्हणजे पुंजांचा वायू आहे असे मानायचे आणि ते पुंज मोजायचे.

बोस यांचा शोध वर्गात फळ्यावर झालेल्या चुकीतून लागला, अशी एक गोष्ट सांगितली जाते. ऐकायला ती गमतीची आहे. पण तो निबंध एका ठरलेल्या दिशेने, पायरी पायरीने जातो. न पटलेल्या गणिताचा त्यांनी जाणीवपूर्वक पाठलाग केला होता.

खात्यातले दोन रुपये

बोस यांनी वेगळे काय केले? मोजण्याची पद्धत बदलली. गुलमंडीवरच्या एखाद्या दुकानदाराचे उदाहरण घेऊ. त्याच्या गल्ल्याला दोन कप्पे आहेत आणि त्यात त्याला दोन नोटा ठेवायच्या आहेत. प्रत्येक नोटेवर तिचा क्रमांक छापलेला आहे. दोन्ही नोटा पहिल्या कप्प्यात, दोन्ही दुसऱ्यात, पहिली इकडे दुसरी तिकडे, किंवा दुसरी इकडे पहिली तिकडे. अशा चार रचना होतात. चारपैकी दोन रचनांत नोटा एकाच कप्प्यात आहेत, म्हणजे एकत्र असण्याची शक्यता निम्मी.

आता तोच दुकानदार मोबाइलवरून पैसे घेतो आणि त्याची दोन बँक खाती आहेत. दोन रुपये या खात्यांत कसे पडू शकतात? दोन्ही पहिल्यात, दोन्ही दुसऱ्यात, किंवा एकेक. बस, तीनच रचना. खात्यातल्या रुपयावर क्रमांक नसतो. यातला कोणता रुपया कोणत्या खात्यात, हा प्रश्नच तिथे निरर्थक आहे. या तीन रचनांना सारखीच संधी दिली, तर तीनपैकी दोन वेळा रुपये एकत्र सापडतील. निम्म्याचे दोन तृतीयांश झाले. कणांच्या अंगावर ओळखीची पाटी नाही एवढे मान्य केले की ते एकत्र असण्याची शक्यता आपोआप वाढते.

बोस यांनी प्रकाशाचे पुंज असे खात्यातल्या रुपयांसारखे मोजले आणि प्लांक यांचे सूत्र कोणत्याही उसनवारीशिवाय थेट हाती आले. हे कण खरोखरच एकसारखे आहेत. आपल्याला ते वेगळे ओळखता येत नाहीत असे नव्हे, ते वेगळे नाहीतच, असा त्या मोजणीचा अर्थ निघत होता. त्याची खोली तेव्हा खुद्द बोस यांनाही पुरती उमगली नव्हती. ते स्वतः पुढे प्रामाणिकपणे हे सांगत.

बर्लिनचे उत्तर

आइन्स्टाइन यांनी निबंध वाचला, स्वतः जर्मन अनुवाद केला आणि त्याला आपली शिफारस जोडून तो जर्मनीतल्या एका प्रमुख नियतकालिकात छापवला. बोस यांना त्यांनी एक पोस्टकार्डही पाठवले. या कार्डाने ढाक्यात चमत्कार केला. बोस यांच्या परदेशी अभ्यासरजेचा अर्ज विद्यापीठाने मंजूर केला आणि जर्मन वकिलातीने त्यांना शुल्क न घेता व्हिसा दिला.

आइन्स्टाइन एवढ्यावर थांबले नाहीत. बोस यांनी प्रकाशाला लावलेली मोजणी त्यांनी अणूंच्या वायूला लावली. तेव्हा एक अजब निष्कर्ष निघाला. असा वायू पुरेसा थंड केला तर अणूंमध्ये एकमेकांचे आकर्षण नसले तरी त्यांतले पुष्कळसे अणू सर्वांत कमी ऊर्जेच्या एकाच अवस्थेत जमा होतील. याला पुढे बोस-आइन्स्टाइन संघनन हे नाव पडले. मोजणी बोस यांची आणि संघननाचे भाकीत आइन्स्टाइन यांचे, हा फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडे अभिमानाच्या भरात तो बऱ्याचदा पुसला जातो.

१९२४च्या शरद ऋतूत बोस पॅरिसला पोहोचले. मारी क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत काम करावे अशी त्यांची इच्छा होती. मादाम क्यूरी त्यांच्याशी चांगल्या इंग्रजीत बोलल्या आणि आधी काही महिने फ्रेंच शिकून घेण्याचा सल्ला त्यांनी दिला. बोस यांना फ्रेंच येत होते. पण भिडस्तपणामुळे ते तसे सांगू शकले नाहीत. मग मोरीस द ब्रॉय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी क्ष-किरणांचे तंत्र शिकून घेतले. वर्षभराने ते बर्लिनला गेले आणि आइन्स्टाइन यांची भेट झाली.

१९२६ साली ते ढाक्याला परतले. डॉक्टरेट नव्हती, तरी आइन्स्टाइन यांच्या शिफारशीचे बळ पाठीशी होते. १९२७ साली ते प्राध्यापक झाले.

पुढची वर्षे त्यांनी शिकवण्यात आणि प्रयोगशाळा घडवण्यात घालवली. शोधनिबंध मोजकेच लिहिले. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना पाहण्याची साधने त्यांनी ढाक्यातच जुळवली. सल्फोनामाइड गटाच्या औषधांच्या रसायनातही त्यांनी लक्ष घातले. पेनिसिलिन हाती येण्याआधी जंतुसंसर्गावर आम्हा डॉक्टरांचा मोठा आधार याच गटाचा होता. एसराज हे तंतुवाद्य ते वाजवत. रवींद्रनाथ टागोरांनी १९३७ साली विज्ञानाची ओळख करून देणारे आपले बंगाली पुस्तक ‘विश्वपरिचय’ त्यांनाच अर्पण केले.

१९४५ साली, फाळणीची चिन्हे दिसू लागली असताना, त्यांनी चोवीस वर्षांचे ढाका सोडले आणि कोलकात्याला प्राध्यापक म्हणून परतले. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमधल्या एका व्याख्यानात ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी बोस यांच्या मोजणीने चालणाऱ्या कणांना ‘बोसॉन’ हे नाव दिले. विश्वातले सगळे कण दोनच कुळांत मोडतात. त्यातल्या एका कुळाला एका भारतीय शिक्षकाचे नाव मिळाले. २०१२ साली गाजलेला हिग्ज बोसॉन याच कुळातला.

वर्गाची भाषा

२५ जानेवारी १९४८ रोजी बोस यांच्या पुढाकाराने कोलकात्यात बंगीय विज्ञान परिषद स्थापन झाली. ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे बंगाली मासिक तिने सुरू केले. उच्च शिक्षणातले विज्ञानही मातृभाषेतून शिकवता येते, यावर बोस ठाम होते. टीका करणारे म्हणत की पारिभाषिक शब्द नाहीत. बोस यांचे म्हणणे असे की परके शब्द खुशाल तसेच घ्यावेत, विचार मात्र आपल्या भाषेत मांडावा. केवळ मूळ संशोधनाचे लेख असलेला एक विशेषांकही परिषदेने बंगालीत काढून दाखवला. १९६२ साली जपानला गेले असता तिथले शास्त्रज्ञ आपसात जपानीतून गहन चर्चा करताना त्यांनी पाहिले आणि त्यांचे मत आणखी पक्के झाले.

आपल्या शहराला हा प्रश्न नवा नाही. हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेव्हा तिथे विज्ञानच नव्हे, वैद्यकही उर्दूतून शिकवले जाई. त्यासाठी शास्त्रीय शब्द घडवण्याच्या कामात अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था पुढे होती आणि तिचे कार्यालय कित्येक वर्षे आपल्याच शहरात होते. प्रयोग धाडसी होता. पण मराठवाड्यातल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी ती भाषा घरची नव्हती, ही त्याची दुसरी बाजू. मराठीतून विज्ञान सांगण्यासाठी १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली.

बोस यांना १९५४ साली पद्मविभूषण मिळाले. ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते, काही काळ विश्वभारतीचे कुलगुरू होते. १९५८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पारितोषिक मिळाले नाही. १९७४च्या जानेवारीत कोलकात्यात त्यांची ऐंशी वर्षे आणि त्यांच्या निबंधाची पन्नास वर्षे साजरी झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत वायूतले संघनन कोणी पाहिले नव्हते.

थंडी म्हणजे संथपणा

ते दिसायला इतका वेळ का लागला? कारण लागणारी थंडी आपल्या कल्पनेपलीकडची होती. तापमान म्हणजे अणूंची धावपळ. खोलीतल्या तापमानाला रुबिडियम या धातूच्या वाफेतले अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने, म्हणजे ताशी हजार किलोमीटरच्या आसपास पळत असतात. ही धावपळ अगदी किमान होईल ते तापमान म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, यालाच शून्य केल्व्हिन म्हणतात. रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राचे चुंबक द्रवरूप हेलियमने सुमारे ४ केल्व्हिनला थंड ठेवलेले असते. संघननासाठी मात्र एका केल्व्हिनच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास उतरावे लागते.

बोस गेल्यानंतर वर्षभरातच, १९७५ साली, शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी एक युक्ती सुचवली. लेसरने अणू थंड करायचे. लेसर तर जाळतो, मग थंड कसा करेल? दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी गुलमंडीवर सुपारी हनुमान मंदिराकडून पैठण गेटकडे पळत जाण्याचा प्रयत्न करा. समोरून येणाऱ्या गर्दीचे धक्के बसून वेग आपोआप मोडतो. अणूवर प्रकाशपुंज असेच आदळतात. रुबिडियमच्या अणूचा वेग एका पुंजाने सेकंदाला जेमतेम ६ मिलीमीटरने कमी होतो. म्हणजे त्याला थांबवायला ५० हजारांच्या घरात धक्के लागतात.

पण धक्के समोरूनच बसले पाहिजेत. मागून बसले तर वेग वाढेल. इथे रुग्णवाहिकेच्या भोंग्याचा नियम कामी येतो. जवळ येणारा भोंगा तीव्र ऐकू येतो, दूर जाणारा मंद. तसाच प्रकाशाचा रंगही धावणाऱ्या अणूला किंचित बदललेला भासतो. अणू फक्त ठरावीक रंगाचाच प्रकाश शोषतो. म्हणून लेसरचा रंग मुद्दाम किंचित लालसर बाजूला ठेवतात. ज्या लेसरकडे अणू धावतो, त्याचाच प्रकाश त्याला बरोबर रंगाचा वाटतो आणि समोरचाच धक्का बसतो. सहा दिशांनी सहा झोत सोडले की अणू जिकडे पळेल तिकडून अडवला जातो, जणू काकवीत अडकलेला मुंगळा. १९८५ साली अमेरिकेत स्टीव्हन चू आणि सहकाऱ्यांनी हे करून दाखवले. विल्यम फिलिप्स यांना अणू अपेक्षेपेक्षाही थंड झालेले आढळले आणि त्याचे कारण उलगडण्यात क्लोद कोहेन-तनूजी यांचा मोठा वाटा होता. या तिघांना १९९७चे नोबेल मिळाले.

लेसरनंतरची शेवटची पायरी आपल्या घरातल्या माठाची आहे. माठातल्या पाण्याचे सर्वांत चपळ रेणू वाफ होऊन निसटतात आणि मागे राहिलेले पाणी गार होते. तापात अंग ओल्या फडक्याने पुसतो तेव्हाही हेच घडते. प्रयोगशाळेत अणू निर्वात काचपात्रात चुंबकीय क्षेत्राने अधांतरी धरून ठेवतात आणि त्यातले सर्वांत तापलेले अणू रेडिओलहरींच्या मदतीने बाहेर काढत जातात. काचपात्र खोलीच्या तापमानाचेच असते. त्याला कुठेही न टेकता, आत जगातली सर्वांत थंड वस्तू तरंगत असते.

पाच जून १९९५

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डर इथे ५ जून १९९५ रोजी एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांच्या गटाला ते दिसले. सुमारे दोन हजार रुबिडियम अणू एकाच अवस्थेत जमा झाले होते. संघनन सुरू झाले तेव्हाचे तापमान एका केल्व्हिनच्या अब्जाव्या भागांत मोजले तर अवघे १७० भाग. एमआरआयच्या हेलियमपेक्षा सुमारे अडीच कोटी पट कमी. एवढ्या थंडीत अणूचा वेग मुंगीच्या चालीइतका, सेकंदाला काही मिलीमीटर, होतो. अणू जितका संथ तितकी त्याच्याशी निगडित लहर लांब. लहरी एकमेकींवर पसरल्या की कोणता अणू कोणता हे विचारण्यात अर्थ उरत नाही. गुलमंडीवरची बाजाराची गर्दी आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतले लेझीम पथक यांत जो फरक आहे तसा हा. त्याच वर्षी काही महिन्यांनी वोल्फगांग केटरले यांनी सोडियमच्या अणूंचे बरेच मोठे संघनित मिळवले. तिघांना २००१चे नोबेल मिळाले.

ढाक्यातून टपाल निघाल्याला तेव्हा ७१ वर्षे झाली होती.

आज अणूंवरचा हा ताबा आणखी बारीक झाला आहे. एकमेकांवर आडव्या-उभ्या सोडलेल्या लेसर झोतांनी अंड्यांच्या ट्रेसारखे खळगे तयार करतात आणि एकेका खळग्यात एकेक अणू ठेवतात. असे थांबवलेले अणू जगातल्या सर्वांत अचूक घड्याळांचे हृदय आहेत. अणूंच्या पडण्यावरून गुरुत्वाकर्षणातला अतिसूक्ष्म फरक मोजता येतो. २०२२ साली ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अशा उपकरणाने जमिनीखालचा बोगदा वरून शोधून दाखवला. जमिनीत पाणी किती उरले याचा अंदाज याच मार्गाने घेता आला, तर मराठवाड्याला त्याचे मोल सांगायला नको. पुण्यात आयसर या संस्थेत अतिशीत अणूंवर प्रयोग होतात. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे सहा हजार कोटी रुपयांची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली आणि तिच्यातले सूक्ष्म मोजमापाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आले.

‘क्वांटम’ नावाची पाटी

आता डॉक्टर म्हणून एक सांगणे. क्वांटम हा शब्द आज बाजारातही आला आहे. मुठीत एक दांडी धरायला देऊन मिनिटभरात यकृतापासून सांध्यांपर्यंत सगळ्या आजारांचा छापील अहवाल देणारी यंत्रे शिबिरांतून फिरतात. रक्तदाब उतरवणारे क्वांटम कडे, साखर घटवणारे क्वांटम लॉकेट विकले जाते. अशा अहवालावर विसंबून मधुमेहाच्या गोळ्या बंद करणारे आणि मग पायाची जखम चिघळल्यावर रुग्णालयात येणारे लोक आम्हाला भेटतात.

बोस यांचे गणित या यंत्रांच्या मागे कुठेही नाही. वर सांगितलेला प्रत्येक परिणाम मिळवायला निर्वात पात्र लागते, काटेकोर लेसर लागतात आणि जगभरातल्या दुसऱ्या प्रयोगशाळांनी तो पुन्हा करून दाखवावा लागतो. आपले शरीर ३१० केल्व्हिनला असते आणि हातात धरलेली दांडी त्यातले आजार ओळखू शकत नाही. एमआरआय मात्र खरोखर पुंजभौतिकीवर उभा आहे. तो काय पाहतो आणि काय पाहू शकत नाही, हे कोणताही जाणता डॉक्टर सांगू शकतो. खरे शास्त्र आपली मर्यादा सांगते. भोंदू शास्त्राला मर्यादा नसते, फक्त किंमत असते.

अतिशीत अणूंनी आज कोणताही आजार बरा होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. बोस यांनी १९२४ साली प्रकाशाचे पुंज मोजले तेव्हाही त्याचा काही उपयोग दिसत नव्हता. एका शिक्षकाला एक गणित पटत नव्हते आणि आपल्या विद्यार्थ्यांना ते नीट सांगता यावे असे वाटत होते, एवढेच त्याचे कारण. पुढे बंगालीतून विज्ञान सांगण्याचा त्यांचा आग्रहही त्याच मुळातून आला होता. ज्याला समजायचे आहे त्याच्या भाषेत सांगता आले, तरच आपल्याला समजले.

आम्हा डॉक्टरांना हा निकष कठीण आहे, पण योग्य आहे. त्यामुळे पुढच्या वेळी तपासणीची चिठ्ठी हातात पडली, की ती कशासाठी, त्यातून काय कळेल आणि उपचारात त्याने काय बदलेल, हे तीन प्रश्न मराठीतून विचारा. उत्तर समजेपर्यंत विचारा. गर्दी असेल, डॉक्टर घाईत असतील, तरीही विचारा. तो तुमचा हक्क आहे.